सव्वा किलोचा संसार



यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी मेंदूच्या विकारांवर चालणाऱ्या कामासाठी द्यायचा असं ठरलं, तेव्हा पुस्तिकेत मेंदूवर चार पानं हवीत हेही ओघानं आलं. आपल्यात डॉक्टर आहेत, पण त्यांची ड्युटी संपत नाही. मग संपादकांची नजर आमच्याकडे वळली. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. बारावीनंतर जीवशास्त्राला जो रामराम ठोकला तो कायमचाच. पण एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. ज्या यंत्रणेचा आराखडा कुणी लिहून ठेवलेला नाही, ती बाहेरून टकटक करून समजून घ्यायची सवय आम्हाला पोटापाण्यासाठीच लागलेली आहे. मेंदूशास्त्रज्ञ गेली दीड-दोनशे वर्षं हेच करताहेत.

आधी वजनमापं. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅम भरतो, म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूत फ्लॉवरचा एक बरा गड्डा. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण खर्च बघा: शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के हा एकटा फस्त करतो, आणि तेही आपण झोपलेले असलो तरी! वॉटमध्ये सांगायचं तर साधारण 20 वॉट. आमच्या टेबलावरचा लॅपटॉप यापेक्षा जास्त वीज खाऊन पंखा घरघरवत बसतो. मेंदूत पैसे साठवायची सोयच नाही, रोजची मिळकत रोज खायची. रक्ताचा पुरवठा थांबला की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ताजा मेंदू हाताला कसा लागतो? चित्रात दिसतो तसा रबरी मुळीच नाही. घट्ट लावलेल्या दह्यासारखा मऊ, बोटानं दाबला तर खड्डा पडेल असा. म्हणून त्याचं पॅकिंग बघण्यासारखं आहे. बाहेर कवटी, आत तीन आवरणं, आणि त्यातल्या दोन आवरणांच्या मध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव. हा द्रव कोणत्याही वेळी सुमारे 150 मिलिलिटर असतो, पण दिवसभरात सुमारे अर्धा लिटर नवीन तयार होतो, म्हणजे दिवसातून तीन वेळा पाणी बदललं जातं. मेंदू यात तरंगतो. त्यामुळे त्याला स्वतःचं वजनही पेलावं लागत नाही. पण तरंगणारी वस्तू जोरात हलवली की भांड्याच्या काठावर आपटणारच. शनिवारी सकाळी रग्बीच्या मैदानावर मुलांना नेणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावं. डोक्याला टेंगूळ नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं नसतं. मूल गोंधळलेलं वाटलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं, की त्या दिवसापुरता खेळ बंद आणि डॉक्टर गाठायचा. कोच काय म्हणतो, स्कोअर किती झालाय, हे नंतर.

आता आत शिरू. ढोबळ तीन भाग धरा. वरचा सुरकुत्यांचा मोठा मेंदू, मागच्या बाजूला खाली लपलेला लहान मेंदू, आणि या दोघांना पाठीच्या कण्याशी जोडणारा देठ. आपण 'मेंदू' म्हणताना डोळ्यांपुढे येतो तो फक्त पहिला. सोललेला अक्रोड डोळ्यांपुढे आणलात तरी चालेल, दोन अर्धी आणि मध्ये खाच. सुरकुत्या कशाला? तर जागा कमी, कापड जास्त. पैठणी चोळामोळा करून डब्यात कोंबली तर काय होईल, तसं. या वरच्या कापडाची जाडी दोन ते चार मिलिमीटर फक्त, आणि आपलं बोलणं, हिशेब, चेहरे ओळखणं, उद्याचे बेत, सगळं मुख्यतः या एवढ्याशा जाडीत चालतं.

कपाळामागचा भाग बेत आखतो आणि, तितकंच महत्त्वाचं, नको ते बोलण्यापासून आवरतो. त्याच्या मागच्या कडेला हालचालींची पट्टी आहे, आणि तिला लागूनच स्पर्शाची पट्टी. या पट्ट्यांवर शरीराचा नकाशा काढलाय, पण तो सरकारी मोजणीचा नाही. अंगठा, ओठ आणि जीभ यांना भरपूर जमीन, पाठीला मात्र एक गुंठासुद्धा नाही. ज्याचं काम बारीक त्याला जागा जास्त, असा साधा न्याय. कानाच्या आसपास ऐकणं आणि आठवणी, आणि पार मागे, जिथे टपली मारतात तिथे, दृष्टी. डोळे पुढे आणि बघणं मागे! वायरिंग करणाऱ्याला आम्ही तरी कामावर ठेवला नसता.

त्याहून विचित्र म्हणजे डावा मेंदू उजवं अंग चालवतो आणि उजवा मेंदू डावं. हालचालीच्या बहुतेक तारा देठाच्या खालच्या टोकाशी एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. असं का, याच्या उपपत्ती अनेक आहेत, पण सर्वांना पटलेली एकही नाही. बोलण्याची जागा बहुतेकांची डावीकडे असते. ही जागा सापडली 1861 साली, पॅरिसमध्ये. पॉल ब्रोका या सर्जनकडे एक रुग्ण होता, त्याला बोललेलं कळत असे, पण स्वतःला 'टॅन' एवढाच उच्चार करता येत असे. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू पाहिला, तर डाव्या कपाळामागचा एक भाग खराब झालेला. त्या काळी स्कॅन नव्हता. माणूस जिवंत असताना काय बिघडलं ते टिपून ठेवायचं, आणि गेल्यावर त्याच्या मेंदूत बघायचं, एवढीच वाट होती.

लहान मेंदू दिसायला लहान, पण गंमत अशी की मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ 69 अब्ज त्याच्यातच असतात. (ही मोजदाद ब्राझीलच्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी सगळेजण 100 अब्ज म्हणून मोकळे होत असत.) याचं काम तालाचं. हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, पोळी लाटताना लाटणं किती दाबायचं. तबलजी आणि तबला यांच्यामध्ये हा बसलेला असतो. दारूचा अंमल यावर लवकर चढतो, म्हणून पोलीस सरळ रेषेत चालायला सांगतात.

इथे आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जे. जे. हॉस्पिटल आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे काही असे रुग्ण येत की ज्यांचा तोल जायचा, हात थरथरायचे, आणि जोडीला आणखी एक गोष्ट: नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडी मारत नसे, संथ सरकत असे. त्यांनी ते नुसतं पाहिलं नाही, नातेवाइकांनाही तपासलं. 9 कुटुंबांमध्ये हा प्रकार पिढ्यांमधून उतरताना दिसला, आणि 1971 मध्ये स्वामी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तो जगापुढे मांडला. पुढे जनुकांचा अभ्यास झाल्यावर या आजाराला स्वतःचं नाव आणि नंबर मिळाला. महागडं यंत्र नाही, काही नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे नीट बघणं एवढंच भांडवल. डॉ. वाडिया 2016 मध्ये गेले.

देठाबद्दल थोडक्यात. श्वास, नाडी, गिळणं, जागं राहणं ही बिनबोभाट खाती इथली. हे खातं संपावर गेलं की बाकीच्या खात्यांना अर्थ उरत नाही. डोक्यातून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी 10 इथूनच निघतात. त्यातली एक तर भटकतच पोटापर्यंत जाते आणि वाटेत हृदयाला 'सबुरीनं घ्या' म्हणून सांगते.

देठ खाली गेला की त्याचा मज्जारज्जू होतो. करंगळीएवढा जाड, सुमारे 45 सेंटिमीटर लांब, मणक्यांच्या बोगद्यातून उतरणारा. बोगदा मात्र त्याहून लांब. रज्जू कमरेच्या वरच्या मणक्यापाशीच संपतो, खाली नुसत्या नसांचा झुपका लोंबतो. म्हणूनच कमरेत सुई घालून पाणी काढतात किंवा बाळंतपणात इंजेक्शन देतात ते त्या खालच्या भागात, रज्जूला धक्का न लावता. या रज्जूतून नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. कमरेतल्या काही मुळ्या एकत्र येऊन शरीरातली सगळ्यात जाड नस पायात उतरते. आठ-आठ तास खुर्चीत बसणाऱ्या आमच्या जमातीला तिची ओळख करून द्यायला नको, ती स्वतःच करून देते.

मज्जारज्जू नुसती केबल नाही, त्याला स्वतःची अक्कल आहे. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो तो मेंदूला विचारून नव्हे. खबर रज्जूत येते, तिथल्या तिथे हुकूम सुटतो, हात सुटतो, आणि मेंदूला नंतर कळवलं जातं. मग आपण 'आई गं' म्हणतो. तेसुद्धा दोनदा जाणवतं, नीट आठवून बघा: आधी एक तीक्ष्ण चटका, आणि क्षणभरानं तो दीर्घ, हुळहुळणारा ठणका. दोन वेगवेगळ्या तारा आहेत. काही तारांवर चरबीचं वेष्टण असतं, त्यातून संदेश वेगानं धावतो, अगदी वेगवान तारांमध्ये सेकंदाला 120 मीटरपर्यंत. ठणका आणणाऱ्या तारा उघड्या, त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याएवढा. हे वेष्टण खराब झालं तर काय होतं, ते मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांना विचारावं. तार शाबूत, पण संदेश वाटेत अडखळतो.

आता खुद्द चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, आणि इथे आपल्या न्यूझीलंडचा मान येतो. दोन चेतापेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. पेशीच्या आत विजेचा झटका धावतो हे माहीत होतं, पण फटीपलीकडे तो जातो कसा? एक पक्ष म्हणे ठिणगी उडते. दुसरा म्हणे छे, एका काठावरून रसायन सुटतं आणि दुसऱ्या काठावर पोचतं. या भांडणाला इंग्रजीत सूप आणि ठिणगी असं नाव पडलं होतं. आमटी आणि ठिणगी म्हणू या. ठिणगी पक्षाचे एक खंदे वीर जॉन एकल्स. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, 1944 मध्ये डनेडिनच्या ओटागो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर तेव्हा क्राइस्टचर्चला शिकवत होते. त्यांची गाठ पडली आणि पॉपरनी त्यांना सांगितलं ते साधारण असं: आपला सिद्धांत चुकीचा ठरण्यात कमीपणा नाही, उलट तो चुकीचा ठरवता येईल इतका नेमका मांडा, आणि मग स्वतःच त्याच्यावर तुटून पडा.

एकल्सनी ते मनावर घेतलं. ऑगस्ट 1951 मध्ये डनेडिनला ब्रॉक आणि कूम्ब्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घातली. कूम्ब्स हे भौतिकशास्त्रवाले, लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं त्यांनी जुळवली. (आमच्या जातकुळीतला माणूस, म्हणून आवर्जून नाव घेतलं.) चेतापेशी स्वस्थ असताना तिच्या आत बाहेरच्या मानानं सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतात. प्रश्न असा होता की 'थांब' म्हणणारा संदेश आल्यावर हा आकडा कुठे सरकतो. ठिणगी खरी असेल तर एका बाजूला, आमटी खरी असेल तर दुसऱ्या. काटा आमटीच्या बाजूनं सरकला. एकल्सनी आपला अनेक वर्षांचा पक्ष सोडला आणि उरलेलं आयुष्य रसायनांच्या बाजूनं लढण्यात घालवलं. 1963 चं नोबेल त्यांना हॉजकिन आणि हक्स्ली यांच्यासह मिळालं. पुढे काही संधींमध्ये खरोखर वीज सरळ ओलांडते हेही सापडलं, म्हणजे ठिणगीवाले अगदीच उपाशी राहिले नाहीत. पण आज आपण नैराश्य, फेफरं, पार्किन्सन यांवर गोळ्या घेतो त्यातल्या कितीतरी या फटीतल्या रसायनांवरच काम करतात, हे विसरायला नको.

मेंदू म्हणजे कॉम्प्युटर, असं सरसकट म्हणतात. आम्हाला ते फारसं पटत नाही. कॉम्प्युटरमध्ये साठवण एकीकडे आणि कामकाज दुसरीकडे असतं. मेंदूत ज्या संधी काम करतात त्याच आठवण धरून ठेवतात, आणि वापराप्रमाणे बळकट किंवा दुबळ्या होतात. बॅकअप नाही. बंद करून पुन्हा चालू करायचीही सोय नाही.

आणि म्हणून आता त्या रक्ताच्या पुरवठ्याकडे वळू. मानेतून चार मोठ्या रक्तवाहिन्या वर जातात आणि मेंदूच्या तळाशी एक कडं करतात. एक नळ तुंबला तर दुसऱ्याकडून पाणी यावं अशी सोय, पण ती पुढच्या फांद्यांना पुरत नाही, आणि प्रत्येकाचं कडं पूर्ण असतंच असंही नाही. फांदीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की झाला पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक. आपल्याकडे त्याला अर्धांगवायू म्हणतात. नाव अचूक आहे, अर्धं अंग जातं हे आपण वर पाहिलंच. मोठी फांदी तुंबली तर उपचाराशिवाय दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 मध्ये एका अमेरिकन डॉक्टरनं मांडला. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, त्याला जास्त अवधी मिळतो. पण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. पाणीसुद्धा नको, गिळण्याच्या नसा बिघडल्या असतील तर ते श्वासनलिकेत जाईल. तेल चोळत बसणं नको, 'जरा पडू दे, बरं वाटेल' नको.

बघायचं काय? हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का. दोन्ही हात पुढे धरायला सांगा, एक खाली येतो का. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा, शब्द अडखळतात का, भलतेच येतात का. यातलं एकही असेल तर लगेच 111. लक्षण दहा मिनिटांत गेलं तरी 111.

यातली तिसरी गोष्ट आपल्या घरांत अवघड आहे, आणि या लेखाचं खरं कारण तेच. हिवाळा टाळून भारतातून येणारे आपले आईवडील, सासूसासरे मराठीतच बोलतात. अँब्युलन्सवाल्याला, नर्सला त्यांचं बोलणं नेहमीचं आहे की बिघडलेलं, हे कळणार कसं? 'आजीला इंग्रजी येत नाही' आणि 'आजीला शब्द सापडत नाहीत' यातला फरक सांगू शकणारा त्या खोलीत फक्त तुम्हीच असता. तेव्हा स्पष्ट सांगा: ही मराठीत अशी बोलत नाही, आज सकाळी 9 वाजता नीट बोलत होती. ती वेळ फार महत्त्वाची, कारण घड्याळ रुग्ण शेवटचा ठीक दिसला तिथून मोजतात, तुम्हाला सापडला तिथून नव्हे. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची यादी फ्रिजवर इंग्रजीत चिकटवून ठेवा. आणि व्यवहाराचं: पडून डोक्याला मार लागला तर एसीसी पाहुण्यांचाही उपचार बघते, पण स्ट्रोक हा अपघात नाही, आजार आहे. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला त्याचं बिल येतं. इन्शुरन्स काढताना रक्तदाब आणि मधुमेह लपवू नका, ऐन वेळी तोच मुद्दा निघतो.

शेवटी, निधी कशाला लागतो ते. ब्रोकाचं काम अजून संपलेलं नाही. स्कॅन आले, पण पेशी पाहायच्या तर मेंदूच लागतो. ऑकलंड विद्यापीठात सर रिचर्ड फॉल यांनी हंटिंग्टनच्या आजाराच्या कुटुंबांबरोबर काम सुरू केलं. त्यातूनच न्यूरॉलॉजिकल फाउंडेशनच्या पाठबळानं चालणारी मानवी मेंदूपेढी उभी राहिली. आपल्या आईचा, भावाचा मेंदू पुढच्या पिढीसाठी द्यायला ही कुटुंबं तयार झाली. 2007 मध्ये फॉल, मॉरिस कर्टिस आणि स्वीडनचे एरिक्सन यांच्या गटानं दाखवलं की प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या पेशींचा एक प्रवाह वासाच्या केंद्राकडे जातो. प्रौढपणी नव्या चेतापेशी किती तयार होतात यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, पण भांडायलाही दान केलेले मेंदूच लागतात.

माओरी लोक डोकं पवित्र मानतात. टोपी जेवणाच्या टेबलावर ठेवू नये, कुणाच्या डोक्याला उगाच हात लावू नये, हे इथं मुलं शाळेत शिकून येतात. आपल्याकडे आशीर्वादाचा हात डोक्यावरच ठेवतात, तेव्हा ही भावना आपल्याला परकी नाही. मेंदूदान म्हटलं की अंत्यविधीचं काय, हा प्रश्न घराघरात येणारच. उत्तर असं की मेंदू काढल्यावर देह घरच्यांकडे परत येतो आणि आपले सगळे विधी करता येतात. निरोगी मेंदूही लागतात, तुलनेसाठी. ड्रायव्हिंग लायसन्सवर 'डोनर' लिहिलेलं असतं ते अवयव-प्रत्यारोपणासाठी, मेंदूपेढीची नोंदणी वेगळी, आणि ती स्वतः जिवंतपणी, घरच्यांना विश्वासात घेऊन करावी लागते. चौकशी ग्राफ्टनला, विद्यापीठाच्या मेंदू संशोधन केंद्रात करता येते.